पैसे वाढवून मागावेत की पाळणाघर? ऊसतोडीच्या गावातल्या सरपंचताईंना उत्तर

प्रश्न असा आहे: "आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळीच्या आगंमागं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. बाळंतपणाचे पैसे, लेक लाडकी, लाडकी बहीण असं सगळं आहे, तरी लहान लेकरांचे हाल तेच. ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. सरकारकडं पैसे वाढवून मागावेत की पाळणाघर मागावं?"

ताई, पाळणाघर मागा. पैशांबद्दलही ठराव घ्या, पण "वाढवा" एवढंच लिहू नका. पैसे कधी मिळावेत आणि कोणत्या अटी काढाव्यात ते लिहा. मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका म्हणून मराठवाड्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. त्यामुळे कागदावरची योजना आणि अंगणवाडीच्या ओट्यावरची योजना यांतलं अंतर मला ठाऊक आहे. उत्तर लांबेल, पण ठरावात नेमकं काय लिहायचं तेही सांगते.

आधी पैशांचं बघू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या बाया सोडून बाकी सगळ्यांना. पहिलं मूल की दुसरं, असा फरक त्या कलमात नाही. 2017 मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती मात्र 5,000 रुपयांची आणि फक्त पहिल्या बाळंतपणासाठी. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून मिळतात असा हिशेब जुळवला. 2022 पासून तिची दुसरी आवृत्ती लागू आहे. पहिल्या खेपेला 3,000 आणि 2,000 असे दोन हप्ते, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच एकरकमी 6,000.

या शेवटच्या अटीवर जरा थांबा. मुलींचा जन्मदर सुधारावा हा हेतू चांगलाच आहे. पण पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे आईला आधी कळू नये असा आपलाच कायदा आहे, आणि तो योग्य आहे. म्हणजे दुसऱ्या गरोदरपणात, ज्या काळात तिनं दोन घास जास्त खावेत म्हणून हे पैसे आहेत, त्या काळात तिला एक रुपयाही मिळू शकत नाही. मुलगी झाली तर बाळंतपणानंतर मिळणार, मुलगा झाला तर नाहीच. आईचं हिमोग्लोबिन बाळ मुलगा की मुलगी ते बघून कमी-जास्त होत नाही. गर्भारपणातल्या पोषणाच्या योजनेला जन्मदराच्या योजनेचं काम लावलं की दोन्ही अर्धवट राहतात.

आता रकमेकडं या. जानेवारी 2024 च्या करारात ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे साधारण 366 रुपयांवर गेला. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, दिवसाला दोन टन तोडला तर सव्वासातशेच्या वर मजुरी होते. म्हणजे मातृवंदनाचे 5,000 रुपये एका कोयत्याची सात दिवसांचीही मजुरी नाहीत. आणि ही जोडी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन गेलेली असते. सातव्या-आठव्या महिन्यात बाई घरी थांबली तर कोयता मोडतो, उचल फिटत नाही, खाडा पडला की त्याचे पैसे कापले जातात. तिला "विश्रांती घे, त्यासाठी पैसे देतोय" असं सांगायचं आणि आठवडाभराचे द्यायचे, हे कसं? तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना रोख आणि पोषण किट मिळून 18,000 रुपये देते. तेही पुरेसे नाहीत, पण निदान महिना-दीड महिना घरी थांबण्याचा विचार करता येतो.

तिसरी अडचण कागदांची. लग्नाआधीच्या नावाचं आधार, सासरच्या नावाचं बँक खातं, खात्याला आधार जोडलेलं नाही किंवा जोडलेलं आहे पण भलत्याच बँकेत. दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो. बाळ जन्मलं कारखान्याच्या गावी, लस दिली तिथल्या परिचारिकेनं, फॉर्म भरला इथल्या आशानं. या तिघींची गाठ पडेपर्यंत हंगाम संपतो. जी बाई गावातच राहते तिला हे जमतं. ज्या बाईला सगळ्यांत जास्त गरज, तीच यातून सुटते.

लेक लाडकीबद्दल थोडक्यात. 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या, पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला एकूण 1,01,000 रुपये. जाहिरातीत हा आकडा मोठा दिसतो. वाटणी पाहा: जन्माला 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. जन्म ते पहिली या सहा वर्षांत, ज्यांत मेंदूची बहुतेक वाढ होते आणि कुपोषण व्हायचं ते होऊन जातं, एकूण रकमेच्या पाच टक्केही मिळत नाहीत. अठराव्या वर्षीचे 75,000 लग्नात जाणार की शिक्षणात, हे मी सांगायला नको. बालविवाह रोखायला त्या रकमेचा उपयोग होत असेल तर आनंद आहे, पण तिला बालसंगोपनाची मदत म्हणू नये.

राहिली लाडकी बहीण. जुलै 2024 पासून दरमहा 1,500. राजकारण बाजूला ठेवून बोलते: बायांना ही योजना कळली, कारण ती सोपी आहे. महिन्याला ठरलेली रक्कम, तिच्याच खात्यात, हप्त्यागणिक दाखला नाही. केवायसीचा त्रास झाला, नावं कमी झाली, ते वेगळं. पण बाई किराणावाल्याला "पैसे आले की देते" म्हणू शकते, हे मातृवंदनानं कधी साधलं नाही. गरोदर आणि लहान बाळाच्या आईला याच मार्गानं पैसे द्यावेत असं माझं मत आहे: चौथ्या महिन्यापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत दरमहा हजार रुपये बाळभत्ता. पहिलं-दुसरं नाही, मुलगा-मुलगी नाही. तिसऱ्या अपत्याचं काय असं विचारणारे विचारतील. तिसरं बाळ उपाशी ठेवून लोकसंख्या कमी होत नाही, एवढंच मी म्हणेन.

पैसे कुठून आणायचे? राज्यात वर्षाला साधारण 18 लाख जन्म होतात. त्यांतली निम्मी कुटुंबं गरजू धरली तर कोणत्याही वेळी सव्वाबावीस-साडेबावीस लाख माता या भत्त्यात असतील आणि खर्च वर्षाला 2,700 कोटींच्या आसपास जाईल. लाडकी बहीणसाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटी ठेवले होते. त्याच्या साडेसात टक्के होतात हे. मातृवंदनाचे आत्ताचे पैसे यातच मिसळले तर आणखी कमी.

आता मुख्य मुद्दा. एवढे सगळे पैसे वेळेवर मिळाले असं धरू. हातात हजार रुपये आहेत, कडेवर नऊ महिन्यांचं बाळ आहे आणि पहाटे चारला फडात उभं राहायचं आहे. ते हजार रुपये कुणाला दिले की बाळ सांभाळलं जाईल? गावात तसं कुणीच नाही. शहरात निदान शेजारच्या काकूंचं पाळणाघर असतं, महागडं का होईना. फडावर पैसे देऊनही विकत घेता येईल अशी सोय नाही.

अंगणवाडी आहे की, असं तुम्ही म्हणाल. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. पण तिची घडण पाहा. तीन ते सहा वर्षांची मुलं चार-पाच तास येतात, गरम खिचडी खातात, गाणी म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरपोच आहाराचं पाकीट मिळतं. पाकीट बाळाला सांभाळत नाही. ते शिजवायला, मऊ करायला, दिवसातून पाच वेळा चमच्यानं भरवायला एक माणूस लागतं, आणि ते माणूस कामावर गेलेलं असतं. सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या, याद्या मी कितीतरी तपासल्या. त्यांत बहुतेक नावं सहा महिन्यांनंतरची आणि दोन वर्षांच्या आतली असायची, वरचं अन्न सुरू होण्याच्या वयातली. घरात धान्य नाही अशी घरं त्यात कमी होती. भरवायला वेळ नाही अशी जास्त होती. "आई काय करते" या रकान्यात मजुरी, आणि "बाळ कुणाजवळ असतं" असं विचारलं की आठ-नऊ वर्षांच्या बहिणीचं नाव. म्हणजे एका बाळाच्या आहाराची आणि एका मुलीच्या शाळेची, दोन्हींची किंमत तिथं चुकती होते.

आजी आहे ना, हेही ऐकते. आहे. गावी राहिलेल्या नातवंडांना आजीच वाढवते. पण साठी उलटलेली, गुडघे धरलेली आजी तीन-चार नातवंडं सहा महिने सांभाळते तेव्हा तिला सरकार काय देतं? तिचा दमही कुणीतरी मोजायला हवा.

फडावर तर आजीही नाही. बाळ साडीच्या झोळीत, नाहीतर ऊसाच्या पाचटावर चादर टाकून. जानेवारीतली थंडी कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहून पाहिलीय त्यालाच कळेल. ट्रॅक्टर-ट्रॉली मागं-पुढं होत असतात, रांगणारं मूल पाचटात दिसतही नाही. बाळ तापलं तरी आईनं खाडा करायचा नाही. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, तेव्हा खाड्याच्या दंडाबद्दल सगळीकडं लिहून आलं. बाळाच्या आजारपणात पडणाऱ्या खाड्याबद्दल मात्र मी कुठं फारसं वाचलं नाही.

कायदे नाहीत असंही नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम 1948 मध्ये तीसहून जास्त स्त्रिया असतील तिथं पाळणाघर सक्तीचं होतं. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पन्नासहून जास्त स्त्रियांची अट होती. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली आणि 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. सगळं खरं. पण ऊसतोडीत मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदार म्हणतो मुकादमाशी, आणि मुकादम हा तुमच्याच गावचा, बऱ्याचदा नात्यातला. एका टोळीत दहा-बारा कोयते. पन्नासचा आकडा तिथं कधी भरत नाही आणि भरला तरी दाखवायचा कुणाच्या हजेरीपटावर? संख्येवर बेतलेली सक्ती अशा कामाला लागूच होत नाही. शिवाय सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला की छोटा मालक तरुण बाईला कामावरच घेत नाही. पाळणाघराचा खर्च उद्योगानं मिळून एका निधीत भरावा आणि सोय सरकारनं उभी करावी, हाच मार्ग टिकतो.

असा निधी आपल्याकडं आहेही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या वर ऊस गाळला जातो, म्हणजे कारखान्यांचेच 100 कोटी झाले. त्यातून संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं निघाली, चांगलं झालं. पण वसतिगृहात राहायला मूल शाळकरी वयाचं लागतं. झोळीतल्या बाळाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: टोळीतल्याच एका बाईला त्या टोळीची लेकरं सांभाळायला नेमा. तिचा अर्धा कोयता जातो, म्हणून टनाचा दर धरून दिवसाला 366 रुपये तिला द्या. दीडशे दिवसांच्या हंगामाचे होतात 55,000. दहा हजार टोळ्या धरल्या तरी 55 कोटी. ताडपत्रीची बंदिस्त कोपी, चटया, पाण्याचा ड्रम, दूध-अंडी वरून. हे मी मनानं काढलेलं नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर एका बाईला तीच मजुरी देऊन ती सांभाळायला लावण्याची तरतूद होती. आपल्याकडं ती बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. कर्नाटकानं 2023 मध्ये त्याच धाग्यावरून ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं सुरू केली. छत्तीसगडमध्ये फुलवारी आहेत, तिथं आयाच पाळीपाळीनं मुलं सांभाळतात. आणि बांधकामाच्या जागेवर पाळणाघर चालवता येतं हे मोबाइल क्रेशेस या संस्थेनं दिल्लीत 1969 पासून आणि मुंबईत सत्तरच्या दशकापासून दाखवून दिलंय.

गावात राहणाऱ्या मजूर आयांसाठी वाट वेगळी आहे. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढता येतं, महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास. पण इथं एक इशारा. हे काम आहे त्या सेविकेच्या डोक्यावर टाकू देऊ नका. तिच्याकडं पोषण ट्रॅकर, चेहरा ओळखून आहार वाटायचं ॲप, गृहभेटी, सर्वेक्षण आणि निवडणूक आली की यादीचं काम, सगळं आहे. केंद्राचा मानधनातला वाटा 2018 मध्ये 4,500 ठरला. राज्य आपली भर घालतं म्हणून ती टिकून आहे. तीन वर्षांखालच्या दहा बाळांमागे एक माणूस हे किमान प्रमाण आहे, आणि ते माणूस वेगळंच हवं. नाहीतर पाटी लागेल, पाळणे येतील आणि दुपारी एकला कुलूपही लागेल.

आहाराचा दरही ठरावात घाला. सर्वसाधारण बालकामागे दिवसाला 8 रुपये हा दर 2017 मध्ये ठरलेला आहे. आठ रुपयांत आज अंडं आणि थोडे तांदूळ होतात का, तुम्हीच सांगा. आदिवासी भागात राज्याच्या अमृत आहार योजनेतून गरोदर मातेला चौरस जेवण आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी मिळतात. ते बीडच्या बाळाला का नको?

नोंदीबद्दल शेवटचं. महिला व बालविकास विभागाचं स्थलांतर ट्रॅकिंगचं ॲप आहे. त्यात कुटुंब निघताना नोंद व्हायला हवी, म्हणजे पोहोचल्या गावच्या सेविकेला नाव दिसतं. अडचण अशी की नाव दिसलं तरी कोपी अंगणवाडीपासून तीन किलोमीटर लांब असते आणि टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या फडावर जाते. म्हणून नाव पाठवण्याइतकीच माणूस पाठवण्याची सोय हवी, आणि ते माणूस टोळीतलंच असेल तर पाठवावंही लागत नाही.

यंदा तुमच्या हातात काय आहे ते सांगते. दसऱ्याच्या आधी, मुकादम उचल वाटून गाड्या भरायच्या आत, सेविका आणि आशा यांना घेऊन यादी करा: कोणत्या टोळीत कोण गरोदर, किती महिन्यांची, कुणाचं बाळ तीन वर्षांखालचं, कोणत्या कारखान्याला जाणार. माता-बाल कार्ड बाईजवळच राहू द्या, आणि आधार जोडलंय का हे बँकेत आत्ताच बघा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ती रक्कम किरकोळ असेल हे मला माहीत आहे, तरी ती शिलाई यंत्रांत घालू नका. मागं राहणाऱ्या आजींना मदतीला एक बाई हंगामापुरती लावा.

ठराव दोन वेगळे घ्या. पहिला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे: पाळणा योजनेत आमची अंगणवाडी घ्या, स्वतंत्र सेविका आणि मदतनीस द्या, वेळ सकाळी आठ ते साडेतीन ठेवा. दुसरा महामंडळ आणि साखर आयुक्तांच्या नावे, मुलांची यादी जोडून: टोळीमागे एक संगोपन करणारी बाई, मजुरी टनाच्या दरानं, पैसे थेट तिच्या खात्यात. मुकादमामार्फत नको, हे स्पष्ट लिहा. बाळभत्त्याची मागणी या दोन्हींत मिसळू नका. ती धोरणाची गोष्ट आहे, ती आमदारांकडं स्वतंत्र पत्रानं द्या. एकाच कागदावर सगळं लिहिलं की "धोरणात्मक बाब" असा शेरा मारून सगळंच परत येतं. दोन्ही ठरावांच्या प्रतींवर आवक क्रमांक घ्या, आणि शेजारच्या पाच-सात गावांच्या सरपंचांकडून तेच ठराव त्याच आठवड्यात घ्या, कारण एकाच गावचा कागद फाइलला लागतो.